घटक ५ : दृक्-श्राव्य क्षेत्रसामग्रीचे जतन – डीव्हीडीवरील ध्वनीचे शुद्धीकरण आणि तबकडीची पुनर्रचना

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस पुढील गोष्टी करता येतील :
• डीव्हीडी तबकडीची अंतर्गत रचना स्पष्ट करणे.
• चित्राची गुणवत्ता न घटवता तबकडीवरील ध्वनी वेगळा काढून तो पुन्हा जोडण्याची रीत सांगणे.
• ध्वनिशुद्धीकरणामुळे भाषिक पुरावा कसा नष्ट होऊ शकतो, हे मराठीतील उदाहरणांनी दाखवणे.
• पाठसंपादनाची तत्त्वे ध्वनिमुद्रित सामग्रीस लागू करणे.

५.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, बोलीचा अभ्यास करावयाचा म्हणजे गावात जाऊन नव्याने मुलाखती घ्यावयाच्या, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. ती योग्यच आहे; परंतु अपुरी आहे. पुष्कळ सामग्री गावात आधीपासूनच साठवलेली असते. बीड जिल्ह्याच्या अंबाजोगाई तालुक्यातील घाटनांदूर हे गाव उदाहरणादाखल घेऊ. अशा कोणत्याही गावातील घरांत लग्नाच्या, अखंड हरिनाम सप्ताहातील कीर्तनाच्या वा शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या डीव्हीडी तबकड्या कपाटात पडून असल्याचे आढळते. पंधरा-वीस वर्षांपूर्वी गावच्या छायाचित्रकाराने त्या तयार करून दिलेल्या असतात. घरच्यांच्या दृष्टीने त्या आठवणी आहेत. आपल्या दृष्टीने त्यांत आणखी काही आहे : आज हयात नसलेल्या आजीचे बोलणे, मांडवातील सहज संवाद, मुलाखत नसल्यामुळे कोणीही सावरून न बोललेली मराठवाडी बोली.

या सामग्रीत दोन अडचणी असतात. पहिली, ध्वनी अस्वच्छ असतो : ध्वनिक्षेपकाची गुणगुण, पंख्याचा व वाऱ्याचा आवाज, जनित्राची धडधड. दुसरी, घरी जाळलेल्या तबकडीचा रंजकथर काळानुसार खराब होतो आणि ती वाचणारे यंत्रही घरांतून नाहीसे होत चालले आहे. म्हणून ध्वनी स्वच्छ करून नवी तबकडी बनवण्याचा मोह होतो. हे काम करताना दोन प्रकारची हानी संभवते. चित्र विनाकारण बिघडते, आणि गोंगाटाबरोबर भाषाही पुसली जाते. या दोन्ही हानी कशा टाळाव्यात, हा प्रस्तुत घटकाचा विषय आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ तबकडीची रचना

डीव्हीडी संगणकात उघडली की 'व्हिडिओ टीएस' नावाचे फोल्डर दिसते. त्यात तीन प्रकारच्या फाइली असतात. 'व्हीओबी' फाइलींत प्रत्यक्ष सामग्री असते. 'आयएफओ' फाइलींत कोणता भाग कोठे आहे याची सूची असते. 'बीयूपी' फाइली या त्या सूचीच्या राखीव प्रती होत. एकेक व्हीओबी फाइल सुमारे १ जीबीपर्यंतच असते. म्हणून एकच कीर्तन तीन-चार फाइलींत विभागलेले दिसते. हा विभाग केवळ यांत्रिक असतो, आशयाशी त्याचा संबंध नसतो.

व्हीओबी फाइलीत चित्राचा प्रवाह आणि ध्वनीचा प्रवाह असे दोन स्वतंत्र प्रवाह लहान लहान तुकड्यांनी एकमेकांत गुंफलेले असतात. वेणीचे पेड जसे सोडवता येतात, तसे हे प्रवाह एकमेकांना धक्का न लावता सुटे करता येतात. आपल्या सर्व कार्यपद्धतीचा पाया हाच आहे.

भारतात वापरल्या जाणाऱ्या पाल पद्धतीच्या डीव्हीडीवर चित्र ७२० × ५७६ बिंदूंचे असते आणि सेकंदाला २५ चौकटी दाखवल्या जातात. ते 'एमपेग-२' पद्धतीने संकोचित केलेले असते. ध्वनी बहुधा 'एसी-३', म्हणजे डॉल्बी डिजिटल पद्धतीने संकोचित असतो, किंवा 'पीसीएम' या असंकोचित रूपात असतो. दोन्ही रूपांत नमुनादर प्रायः सेकंदाला ४८,००० नमुने इतका असतो. संगीताच्या सीडीचा दर ४४,१०० असतो. हा फरक पुढे महत्त्वाचा ठरेल.

५.३.२ चित्राची गुणवत्ता कोठे हरवते?

एमपेग-२ पद्धतीत प्रत्येक चौकट संपूर्ण साठवलेली नसते. काही चौकटी पूर्ण असतात. मधल्या चौकटींत मागील-पुढील चौकटींपासूनचा फरक तेवढा नोंदवलेला असतो. शिवाय डोळ्यांस सहसा न जाणवणारा तपशील वगळलेला असतो. हा तपशील एकदा वगळला की परत मिळत नाही. अशी फाइल उलगडून पुन्हा संकोचित केली, तर आधीच्या अंदाजावर नवा अंदाज रचला जातो. नकलेवरून नक्कल करताना लेखनिकाच्या चुका वाढत जाव्यात, तसेच हे आहे.

सर्वसामान्य 'कन्व्हर्टर' कार्यक्रमात डीव्हीडी टाकून नवी फाइल मागितली की हे पुनर्संकोचन होते, मग आपण चित्रात काहीही बदल केलेला नसला तरी. याचा परिणाम भाषाभ्यासावरही होतो. ध्वनी अस्पष्ट असतो तेव्हा 'प', 'ब', 'म' हे ओष्ठ्य वर्ण आपण वक्त्याच्या ओठांवरून ओळखतो. दूरवरून घेतलेल्या दृश्यातील लहानशा चेहऱ्यावर चौकोनी ठिगळे उमटली, तर तो आधारही जातो. म्हणून पहिला नियम असा : ज्यात बदल करावयाचा नाही, त्याचे पुनर्लेखन करू नये. चित्राचा प्रवाह जसाच्या तसा उचलावा व जसाच्या तसा ठेवावा.

आपली प्रगती तपासा – १
(अ) व्हीओबी व आयएफओ फाइलींतील फरक सांगा.
(आ) पुनर्संकोचनाने चित्र का बिघडते?

५.३.३ ध्वनी वेगळा काढणे

कामाचा क्रम पुढीलप्रमाणे ठेवावा.

(१) प्रथम संपूर्ण तबकडीची 'आयएसओ' प्रतिमा संगणकावर घ्यावी. पुढील सर्व काम या प्रतीवर करावे. मूळ तबकडी पुन्हा पुन्हा फिरवू नये. तबकडी एका यंत्रावर वाचली गेली नाही, तर हताश न होता दुसऱ्या यंत्रावर प्रयत्न करावा. यंत्रागणिक वाचनक्षमता बदलते.

(२) 'पीजीसीडीमक्स' किंवा 'एफएफएमपेग' यांसारख्या विनामूल्य कार्यक्रमाने चित्र आणि ध्वनी यांचे प्रवाह सुटे करावेत. एफएफएमपेग वापरताना 'कॉपी' हा पर्याय द्यावा. म्हणजे उलगडणे-संकोचणे न होता केवळ अलगीकरण होते.

(३) ध्वनी आणि चित्र यांच्या आरंभात काही मिलिसेकंदांचे अंतर असू शकते. पीजीसीडीमक्स हे अंतर नोंदवून देते. तो आकडा वहीत लिहून ठेवावा. पाल पद्धतीत एक चौकट ४० मिलिसेकंदांची असते. अंतर तीन-चार चौकटींहून अधिक झाले की ओठ आणि शब्द यांची फारकत जाणवू लागते.

(४) सुटा केलेला ध्वनी 'ऑडॅसिटी'सारख्या संपादकात उघडावा. प्रकल्पाचा नमुनादर ४८,००० आहे याची खात्री करावी. यानंतर कोणत्याही कारणाने ध्वनीची लांबी बदलू नये. मधली शांतता कापणे, वेग बदलणे, आरंभीची खरखर छाटणे या गोष्टी वर्ज्य समजाव्यात. खरखर नकोशी वाटल्यास तेथील ध्वनी मंद करावा. ती जागा काढून टाकू नये.

५.३.४ गोंगाट आणि वर्ण

आता आपण या घटकाच्या मध्यवर्ती प्रश्नाकडे येतो. गोंगाट म्हणजे नेमके काय?

काही गोंगाट ठरावीक वारंवारतेचा असतो. आपल्याकडील विजेची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने ध्वनिक्षेपकाची गुणगुण ५०, १००, १५० अशा पटींत आढळते. तेवढ्याच अरुंद पट्ट्या वगळणारी गाळणी लावली, तर बोलण्याला फारशी इजा होत नाही. पंखा, वारा, ध्वनिफितीची सळसळ यांचा गोंगाट मात्र विस्तृत पट्ट्यात पसरलेला असतो. तो काढण्यासाठी ऑडॅसिटीत गोंगाटाचा नमुना द्यावा लागतो : जेथे कोणीही बोलत नाही, असे एक-दोन सेकंद निवडावे लागतात. मग या नमुन्याशी जुळणारे जे जे असेल, ते संगणक सर्वत्र क्षीण करतो.

अडचण अशी की मराठीचे काही वर्ण स्वतःच गोंगाटसदृश आहेत. 'स' आणि 'श' हे घर्षक ध्वनी हवेच्या घर्षणातून निर्माण होतात. 'स'ची बरीचशी ऊर्जा ४,००० हर्ट्झच्या वर असते. वाऱ्याची सळसळ आणि 'स' यांत संगणकाला आपल्याइतका भेद कळत नाही. परिणामी 'साल' आणि 'शाल' जवळ येतात. मराठीतील 'च' आणि 'ज' यांचे दोन उच्चार आपण ध्वनिविचाराच्या घटकात पाहिले आहेत. 'चार' या संख्येतील च तालव्य आहे, 'चारा' यातील दंततालव्य. 'जग' हा शब्द विश्व या अर्थी एका ज-ने आणि 'तू जग' या आज्ञार्थी दुसऱ्या ज-ने उच्चारला जातो. लिपी हा भेद दाखवत नाही. तो केवळ ध्वनीत आहे, आणि ध्वनीतही घर्षणाच्या गुणात आहे. शुद्धीकरणात तोच गुण गेला, तर हा भेद कोठेही शिल्लक राहत नाही.

व्याकरणाचेही असेच आहे. 'तो गेला' आणि 'तू गेलास' यांतील पुरुषभेद अखेरच्या 'स'वर उभा आहे. मराठवाडी बोलीतील 'काय करायलास?' या प्रश्नात समोरच्याला 'तू' म्हटले आहे, हे सांगणारा प्रत्ययही तोच. वाक्याच्या शेवटी आवाज उतरतो, आणि तेथेच हा 'स' येतो. अतिरेकी शुद्धीकरणाचा पहिला बळी तो ठरतो.

महाप्राणाचे उदाहरण त्याहून बोलके आहे. 'पाट' आणि 'पाठ' यांतील भेद श्वासाच्या एका झोताचा आहे. समजा, स्वच्छ केलेल्या ध्वनीवरून आपण असा निष्कर्ष काढला की या वक्त्याच्या बोलीत शब्दान्ती महाप्राण क्षीण होतो. हा बोलीचा विशेष आहे की संगणकाची करणी? मूळ ध्वनी जवळ नसेल, तर या प्रश्नाचे उत्तर कोणालाही देता येणार नाही. चुकीचा पुरावा हा पुराव्याच्या अभावापेक्षा अधिक घातक असतो. कारण तो पुरावा आहे असे वाटते.

म्हणून पुढील पथ्ये पाळावीत. गोंगाट एकदम नाहीसा करण्याचा हट्ट धरू नये. ६ डेसिबलची घट केली, तरी गोंगाटाचा आयाम (कंपनाचा विस्तार) निम्म्यावर येतो. बहुतेक वेळा तेवढ्याने शब्द उलगडतात. त्यानंतर ऑडॅसिटीतील 'रेसिड्यू' हा पर्याय निवडून पाहावा. तो आपल्याला राखलेला नव्हे, तर काढून टाकलेला ध्वनी ऐकवतो. त्यात केवळ सळसळ ऐकू आली, तर काम योग्य झाले. त्यात शब्दांच्या कडा, 'स'चे शीळसदृश तुकडे वा श्वासाचे झोत ऐकू आले, तर आपण भाषाच काढून टाकत आहोत. अशा वेळी घट कमी करावी. या कामात सर्वांत विश्वसनीय कसोटी ती हीच.

गोंगाट कोणता, हेही अभ्यासाच्या हेतूवर ठरते. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्यांचा संग्रह सिद्ध केला. त्यातील कित्येक ओव्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. बीड जिल्ह्यातील माजलगावच्या भीमनगरमधील स्त्रियांच्या ओव्या त्यांत आहेत. ओवी प्रत्यक्ष दळताना मुद्रित केली असेल, तर जात्याची घरघर हा गोंगाट मानावयाचा काय? शब्द टिपणाऱ्याला तो अडथळा वाटेल. ओवीची लय आणि दळणाची फेरी यांचा संबंध शोधणाऱ्याला तोच पुरावा आहे. कीर्तनातील टाळांचेही असेच. एका अभ्यासकाने आपल्या सोयीसाठी जे काढले, ते दुसऱ्यासाठी कायमचे जाऊ नये.

आपली प्रगती तपासा – २
(अ) अंत्य 'स' नष्ट झाल्यास कोणती व्याकरणिक माहिती हरवते?
(आ) काढून टाकलेला ध्वनी ऐकून पाहणे का आवश्यक आहे?

५.३.५ तबकडीची पुनर्रचना

स्वच्छ केलेला ध्वनी डीव्हीडीला चालणाऱ्या रूपात आणावा लागतो. येथे थोडे गणित करावे. असंकोचित पीसीएम ध्वनी दोन वाहिन्यांसाठी सेकंदाला १,५३६ किलोबिट जागा घेतो. म्हणजे तासाला सुमारे ६९१ एमबी. सेकंदाला १९२ किलोबिट दराचा एसी-३ ध्वनी तासाला सुमारे ८६ एमबी घेतो. एकपदरी तबकडीची क्षमता ४.७ जीबी. दोन तासांचे कीर्तन तिच्यावर काठोकाठ भरलेले असेल, तर चित्र व ध्वनी मिळून सेकंदाला सरासरी ५.२ मेगाबिटच वाट्याला येतात. तेथे एसी-३ काढून पीसीएम घातला, तर सामग्री सव्वा जीबीने वाढेल. ती बसवण्यासाठी चित्र आकसावे लागेल, आणि आपला पहिलाच नियम मोडेल. म्हणून तबकडी भरलेली असल्यास मूळ दराचाच एसी-३ ध्वनी करावा. जागा मुबलक असेल तरच पीसीएम ठेवावा.

डीव्हीडीच्या रचनेत एका चित्रासोबत आठपर्यंत ध्वनिप्रवाह ठेवण्याची सोय आहे. चित्रपटांना अनेक भाषांतील संवाद जोडता यावेत म्हणून केलेली ही सोय आपल्या फार उपयोगाची आहे. पहिला प्रवाह स्वच्छ ध्वनीचा ठेवावा आणि दुसरा मूळ ध्वनीचा, तो न उलगडता जसाच्या तसा. दोन तासांच्या तबकडीवर या दुसऱ्या प्रवाहाला १९२ किलोबिट दराने सुमारे १७३ एमबी लागतात. तेवढी जागा नसेल, तर ८.५ जीबीची दुपदरी तबकडी वापरावी.

'मक्समॅन'सारख्या कार्यक्रमाने चित्र व दोन्ही ध्वनी पुन्हा गुंफता येतात. 'डीव्हीडीस्टायलर' वापरल्यास चित्राच्या गुणधर्मांत 'कॉपी' निवडावे. अन्यथा ते पुनर्संकोचन करू शकते. आधी लिहून ठेवलेले मिलिसेकंदांचे अंतर येथे भरावे. मूळ तबकडीवरील मेनू या साध्या रीतीने टिकत नाही, म्हणून प्रकरणांच्या वेळा आधी टिपून ठेवाव्यात व नव्याने द्याव्यात.

तबकडी जाळण्यापूर्वी तीन तपासण्या कराव्यात. एक, नव्या चित्रप्रवाहाची फाइल आकाराने मूळ फाइलीइतकीच आहे काय? ती लक्षणीय लहान असेल, तर कोठेतरी पुनर्संकोचन झाले आहे. दोन, आरंभी, मध्ये आणि शेवटी ध्वनी-चित्राचा मेळ पाहावा. कीर्तनात टाळ एकमेकांवर आदळतानाचा क्षण यासाठी उत्तम. तो डोळ्यांना दिसतो आणि कानांना टोकदार ऐकू येतो. फरक सर्वत्र सारखाच असेल, तर आरंभीचे अंतर चुकले आहे. फरक पुढे पुढे वाढत असेल, तर नमुनादर किंवा लांबी बदलली आहे. तीन, दोन्ही ध्वनिप्रवाह निवडता येतात काय? त्यानंतर तबकडी जाळून तिची पडताळणी करावी, आणि आयएसओ प्रतिमा दोन वेगवेगळ्या साधनांवर ठेवावी. नवी तबकडीही कधीतरी जुनी होणारच आहे.

५.३.६ पाठसंपादनाची शिस्त

या सर्व पथ्यांमागील विचार मराठीच्या विद्यार्थ्याला नवा नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ ते १९६६ या काळात महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. संपादकांनी जे पाठ स्वीकारले नाहीत, ते फेकून दिले नाहीत; तळटीपांत आणि परिशिष्टांत नोंदवले. वाचकाला संपादकाशी असहमत होण्याचा अधिकार त्यामुळे राहिला. तबकडीवरील दुसरा ध्वनिप्रवाह ही आपली तळटीप आहे.

उलट उदाहरण आपल्याच जिल्ह्याशी निगडित आहे. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी बीड येथे मिळालेल्या पोथीवरून १९०९ साली ज्ञानेश्वरी प्रसिद्ध केली. तिच्या भाषारूपांविषयी अभ्यासकांत दीर्घ चर्चा झाली. परंतु ती पोथी आज पडताळणीसाठी उपलब्ध नाही. छापील आवृत्ती आहे, मूळ साधन नाही; त्यामुळे काही प्रश्न कायमचे अनिर्णित राहतात. गावातील एखाद्या तबकडीचे मोल ज्ञानेश्वरीच्या पोथीइतके नसेल, परंतु न्याय तोच लागू होतो.

ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची तांत्रिक मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात : जतनाची प्रत कोणतीही सुधारणा न करता घ्यावी, शुद्धीकरण करावयाचे ते उपयोगाच्या प्रतीवर. म्हणून प्रत्येक तबकडीसोबत नोंदपत्रक असावे. त्यात प्रसंग, गाव, मुद्रणाचे अंदाजे वर्ष, वक्त्याचे वय व मूळ गाव, काढलेल्या गोंगाटाचे स्वरूप, घटीचे प्रमाण, वापरलेले कार्यक्रम आणि दिनांक यांची नोंद करावी. कीर्तनकार, गायक वा कुटुंबीय यांची संमतीही तेथेच नोंदवावी. प्रयोगकर्त्याचे अधिकार कॉपीराइट कायदा, १९५७ अन्वये मान्य आहेत. आणि लग्नाच्या मांडवात बोललेले शब्द अभ्यासासाठी वापरण्यापूर्वी विचारणे हे कायद्याच्याही आधी सौजन्याचे आहे.

५.४ सारांश

डीव्हीडीवर चित्र आणि ध्वनी यांचे प्रवाह स्वतंत्र असतात. म्हणून चित्राला हात न लावता ध्वनीवर काम करता येते. पुनर्संकोचन टाळणे, नमुनादर ४८,००० ठेवणे, लांबी न बदलणे आणि आरंभीचे अंतर जपणे या चार गोष्टींवर पुनर्रचनेचे यश अवलंबून आहे. घर्षक, दंततालव्य व महाप्राण वर्ण गोंगाटासारखे असल्याने शुद्धीकरणात ते प्रथम हरवतात. घट अल्प ठेवावी, काढलेला ध्वनी ऐकावा आणि मूळ ध्वनी त्याच तबकडीवर दुसऱ्या प्रवाहात राखावा. स्वच्छ प्रत ऐकण्यासाठी असते. निष्कर्ष काढताना मूळ प्रतीकडे जावे लागते.

५.५ पारिभाषिक शब्द

प्रवाह : तबकडीवरील चित्राची वा ध्वनीची सलग माहिती.
संकोचन : कमी जागेत बसावी म्हणून माहिती आकसणे.
नमुनादर : एका सेकंदात ध्वनीचे घेतलेले नमुने.
घर्षक : हवेच्या घर्षणाने निर्माण होणारा व्यंजनध्वनी.
पाठभेद : एकाच मजकुराच्या निरनिराळ्या प्रतींतील फरक.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

(१) 'जे बदलावयाचे नाही, त्याचे पुनर्लेखन करू नये' हे तत्त्व डीव्हीडीच्या संदर्भात स्पष्ट करा.
(२) ध्वनिशुद्धीकरणामुळे बोलीविषयी चुकीचा निष्कर्ष कसा निघू शकतो, ते दोन उदाहरणांसह लिहा.
(३) दीड तासाच्या मुद्रणासाठी सेकंदाला १९२ किलोबिट दराच्या दोन एसी-३ प्रवाहांना किती जागा लागेल, ते काढा.
(४) उपक्रम : आपल्या घरातील वा शेजारच्या घरातील एक जुनी डीव्हीडी, संमती घेऊन, मिळवा. तिची आयएसओ प्रतिमा घ्या. सर्वांत वयोवृद्ध वक्त्याचे पाच मिनिटांचे बोलणे आधी मूळ ध्वनीवरून आणि नंतर ६ व १२ डेसिबल घट केलेल्या ध्वनीवरून लिहून काढा. तिन्ही लेखनांतील फरकांचा तक्ता करा. कोणता वर्ण कोणत्या पायरीवर हरवला, हे नोंदवा आणि तक्ता अभ्यासकेंद्रावरील संपर्कसत्रात सादर करा.